मुलं, पडदा आणि मधला माणूस

(र. धों. कर्वे यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



र. धों. कर्वे यांच्या स्मरणार्थ बोलायचं म्हटलं की त्यांचं चरित्र सांगावं, त्यांच्या उपेक्षेबद्दल हळहळावं आणि घरी जावं असा मोह होतो. कर्व्यांना ते आवडलं नसतं असं मला वाटतं. ते लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे गृहस्थ होते. म्हणून आज मी असा प्रश्न घेऊन आले आहे जो घराघरांत आहे आणि ज्याचं उत्तर द्यायला फारसं कोणी पुढे येत नाही. मुलांच्या हाती उघड लैंगिक मजकूर, चित्रं, चित्रफिती कशा येतात, आजोबांच्या पिढीपासून नातवाच्या पिढीपर्यंत हे येणं कसं बदलत गेलं, आणि त्या काळात आपण मोठ्या माणसांनी काय केलं, याबद्दल मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पूर्वी मुलांपर्यंत हे काहीच पोचत नव्हतं, आता सगळंच पोचतं, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रत्येक पिढीतल्या मुलांपर्यंत काही ना काही पोचलंच. खरा बदल झाला तो मधल्या माणसात. मूल आणि ते चित्र यांच्यामध्ये कोणीतरी जिवंत माणूस असायचा. कधी पुस्तक भाड्याने देणारा, कधी थिएटरचा डोअरकीपर, कधी कॅसेट आणून देणारा मोठा भाऊ, कधी सायबर कॅफेचा मालक. तो चांगला होता असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा नव्हताच. पण त्याच्यामुळे उशीर व्हायचा, भीती वाटायची, कधी नकार मिळायचा. आज मध्ये कोणी उरलेलं नाही. आणि ज्या माणसाने खरं तर मध्ये उभं राहून समजावून सांगायला हवं होतं, त्याला आपण समाज म्हणून पुन्हा पुन्हा हाकलून लावलं. कर्वे हे त्यांतले आद्य.

छापील चित्रांच्या आधीचा काळ थोडक्यात पाहू. कोकणातली मुलं शिमग्याच्या बोंबा ऐकत मोठी झाली. देशावरच्या मुलांनी जत्रेत कनातीच्या फटीतून तमाशातली सवालजवाबांची चावट बाजू ऐकली. लग्नघरात व्याह्यांना उद्देशून बायका जी गाणी म्हणत, त्यांत पोरींसमोर म्हणू नये असं पुष्कळ असे आणि पोरी तिथेच बसलेल्या असत. एका खोलीत अख्खं कुटुंब झोपायचं, गोठा घराला लागून होता. मुलांना काही कळत नसे असं मानण्यात अर्थ नाही. मात्र हे सगळं चारचौघांत घडे आणि त्याचे दिवस ठरलेले असत. शिमगा सरला की तोंड आवरावं लागे.

या काळाची आठवण काढून गहिवरणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांना १८९१ सालाची आठवण देते. त्या वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर आलं. दोन वर्षांच्या त्या वाढीवरून पुण्यात केवढं रण माजलं, टिळक एका बाजूला आणि आगरकर दुसऱ्या बाजूला कसे उभे ठाकले, हे आपण इतिहासात वाचलं आहे. शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय १४ केलं ते १९२९ साली. म्हणजे ज्या पिढीतल्या मुली चित्रापासून सुरक्षित होत्या, त्या प्रत्यक्षापासून सुरक्षित नव्हत्या. बालपणाचं रक्षण करायचं असतं ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा रुजली. त्यामुळे ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य या विषयात तरी जपून वापरायला हवं.

आता कर्व्यांकडे येते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं. विचारांत आपण मागे नव्हतो. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा हा मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यूनेच त्यांना थांबवलं तोवर ते चालवलं. घरचे पैसे घालून, खटले अंगावर घेऊन.

या मासिकातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाचकांच्या पत्रांचा वाटतो. लोक आपल्या शरीराबद्दल, इच्छांबद्दल, भीतीबद्दल विचारत आणि कर्वे थोडक्यात, स्पष्ट, शास्त्राला धरून उत्तर देत. घाबरू नका, हा रोग नाही, अमुक डॉक्टरला दाखवा, तमुक समजूत खोटी आहे. १९३४ मध्ये त्यांच्यावर जो खटला चालला तो याच प्रश्नोत्तरांवरून. त्यांच्या वतीने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक प्रश्न विचारतात आणि मासिक लैंगिक विषयालाच वाहिलेलं आहे, तर उत्तर देणं अश्लील कसं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे खटला हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. आधीच्या खटल्यात १०० रुपये झाला होता.

चोरून विकल्या जाणाऱ्या चित्रांचा धंदा मुंबईत तेव्हाही होता, पण कोर्टात वारंवार खेचला गेला तो उत्तर देणारा. पुढच्या नव्वद वर्षांत आपण हेच करत आलो, म्हणून मला त्या दंडाचं इतकं वाटतं.

आपल्या अश्लीलतेच्या कायद्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. भारतीय दंड संहितेचं कलम २९२ विक्रीवर, प्रसारावर होतं. कलम २९३ मध्ये वीस वर्षांखालच्या व्यक्तीला असं साहित्य विकणं हा वेगळा, अधिक कडक गुन्हा होता. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर एक काउंटर होता, काउंटरच्या अलीकडे मूल आणि पलीकडे दुकानदार. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यांची शिक्षा कायम केली ते रणजित उदेशी मुंबईतल्या एका पुस्तकाच्या स्टॉलचे भागीदार होते. डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी त्यांच्या स्टॉलवर विक्रीला होती. त्या निकालात वापरलेली कसोटी १८६८ च्या इंग्लंडमधली होती. ज्यांचं मन वाईट प्रभावाला सहज बळी पडेल अशा वाचकाच्या हाती हे पडलं तर काय होईल, असं ती विचारायची. मुलाला केंद्रस्थानी ठेवून प्रौढांचं साहित्य मोजायची ती पद्धत होती. पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेवरचा खटला त्याच न्यायालयात आला. ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक किशोरांना अयोग्य ठरवायचं, तर त्यांच्या वाचनाला धार्मिक ग्रंथांखेरीज काही उरणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता. मराठी दिवाळी अंकातल्या एका कथेमुळे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे म्हणावं लागलं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या २९३ च्या जागी आता कलम २९५ आहे आणि वीस वर्षांच्या जागी ‘बालक’ शब्द आला आहे, म्हणजे अठराच्या आतलं. वय दोन वर्षांनी खाली आलं, पण कायद्याच्या डोळ्यांसमोरचा काउंटर तिथेच आहे. तो काउंटर प्रत्यक्षात कधीचाच उचलला गेला आहे.

तो कसा उचलला गेला हे टप्प्याटप्प्याने सांगते, कारण माझं शिक्षकी आयुष्य याच टप्प्यांमधून गेलं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे.

पहिला टप्पा पिनांनी बंद केलेल्या पुस्तकांचा. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर ती मिळत आणि ‘पिवळी पुस्तकं’ या नावाने वर्गात हातोहात फिरत. शरीराबद्दलचं त्यांतलं ज्ञान बहुतेक चुकीचं होतं. थिएटरात ‘ए’ सर्टिफिकेटचे मॉर्निंग शो लागत. ज्याला मिसरूड फुटलेलं नाही त्याला डोअरकीपर अडवी आणि फुटलेल्याला सोडी, इतकीच वयाची तपासणी. १९७४ मध्ये ‘गुप्त ज्ञान’ नावाचा हिंदी चित्रपट आला, लैंगिक शिक्षणाचा. त्याला जी गर्दी लोटली ती चित्रपटाच्या कलेसाठी नव्हती. लोकांना कळून घ्यायचं होतं आणि कळायला दुसरी जागा नव्हती.

दुसरा टप्पा व्हिडिओचा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि मागोमाग व्हीसीआर. तो विकत घेणं थोड्यांना परवडे, बाकीचे एका रात्रीसाठी भाड्याने आणत. गणपतीत चाळीच्या चौकात त्यावर अमिताभचे सिनेमे लागत, आणि घरची मोठी माणसं गावाला गेली की त्याच यंत्रावर दुसरी कॅसेट लागे. रवी जाधवांचा ‘बालक-पालक’ हा चित्रपट २०१३ च्या सुरुवातीला आला तेव्हा त्या पिढीच्या पुष्कळ पुरुषांनी त्यात स्वतःला ओळखलं. चाळीतली मुलं, भाड्याचा व्हीसीआर, आणि विचारलेल्या प्रश्नावर ‘तू अजून लहान आहेस’ एवढंच उत्तर देणारे मोठे. चित्रपट मुलांना दोष देत नाही, उत्तर न देणाऱ्यांकडे बोट दाखवतो, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो.

व्हिडिओच्या त्या रात्रींची एक बाजू मात्र त्या आठवणींतून निसटते. तिथे मुली नव्हत्या. पिवळी पुस्तकं, मॉर्निंग शो, व्हिडिओ पार्लर, पुढचा सायबर कॅफे या सगळ्या मुलग्यांच्या जागा होत्या. त्याच वर्गातली मुलगी पाळी आल्यावर आईकडून ‘आता शिवू नको’ एवढंच ऐकत होती. पाठ्यपुस्तकातला पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून उलटला जात होता. मुलगा चुकीचं शिकत होता आणि मुलगी काहीच शिकत नव्हती, आणि पुढे याच दोघांची लग्नं होत होती. त्या पिढीच्या संसारांत जे सोसलं गेलं त्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही.

तिसरा टप्पा केबलचा आणि सायबर कॅफेचा. स्टार टीव्ही १९९१ मध्ये आला, झी १९९२ मध्ये. केबलवाला रात्री उशिरा काय लावतो याची कुजबुज गल्लीत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि शतक संपेस्तोवर शहराशहरांत प्लायवूडच्या खोक्यांचे सायबर कॅफे उभे राहिले, ताशी दराचे. इथे मुंबई उच्च न्यायालयाने एक लक्षात ठेवण्याजोगं काम केलं. अल्पवयीन मुलांना इंटरनेटवर अश्लील साहित्य सहज मिळतं या तक्रारीची दखल घेऊन २००१ मध्ये न्यायालयाने समिती नेमली. पुढच्या वर्षी समितीने अहवाल दिला. कॅफेत येणाऱ्याचं ओळखपत्र पाहा आणि मुलांना आडोसा नसलेल्या, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवा, असं तिने सुचवलं. त्यामागचं शहाणपण मला आजही पटतं. कोणी बघतं आहे एवढ्या जाणिवेने मुलाचा हात थांबतो, हे समितीने ओळखलं होतं. पण त्या शहाणपणालाही मालक लागत होता आणि खोली लागत होती. दहा-पंधरा वर्षांत दोन्ही गेली.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. महिन्याला एक जीबी जपून वापरणाऱ्या घरांत रोजचा एक-दीड जीबी आला. पुढे २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या फोनपासून मुलांना लांब ठेवायला आम्ही शिक्षक पालकांना सांगत होतो, तोच फोन मुलांच्या हाती द्या असं आम्हीच सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. ‘असर’ ही ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी सांगते की २०१८ मध्ये साधारण ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२२ मध्ये जवळपास ७५ टक्के. चार वर्षांत घर बदललं. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं आणि समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांनी. आकडे खेड्यांतले आहेत हे ध्यानात घ्या. हा शहरातल्या श्रीमंत मुलांचा प्रश्न आहे ही समजूत सोडून द्यावी लागेल.

या चौथ्या टप्प्यात जे झालं ते आधीच्या तिन्हींपेक्षा जातीने वेगळं आहे. आधीच्या प्रत्येक पिढीत मुलाला शोधत जावं लागे. आता ते साहित्य मुलाला शोधत येतं. क्रिकेटचा स्कोअर बघताना, फुकट सिनेमा उतरवताना, खेळ खेळताना कडेला खिडकी उघडते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी काहीतरी टाकतं आणि ज्याने कधी विचारलंही नव्हतं त्याच्या हातात ते उघडतं. तिथे थांबलेलं बोट यंत्र मोजतं आणि पुढच्या वेळी तशाच जातीचं, आणखी थोडं तीव्र, समोर ठेवतं. पिवळ्या पुस्तकाला आपला वाचक कोण आहे हे माहीत नसे. शिवाय हे सारं गोधडीत, एकट्याने. व्हिडिओच्या रात्री खोलीत चार पोरं असत. हसत, लाजत, एकमेकांना ढोसत. ती सोबत फार थोर नव्हती, पण घाबरलेल्या पोराला बाहेर जायला दार होतं आणि दुसऱ्या दिवशी बोलायला कोणीतरी होतं.

शाळेत मी प्रश्नपेटी ठेवत असे. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, शुक्रवारी उत्तरं द्यायची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चिठ्ठ्या असायच्या त्या माहितीच्या. मूल कसं होतं, पाळी का येते, दाढी न आलेला मुलगा आजारी असतो का. अखेरच्या वर्षांत चिठ्ठ्यांचा सूर पालटला. ‘मी जे पाहिलं ते खरं असतं का?’ ‘सगळे असंच वागतात का?’ ‘त्यातल्या बाईला दुखत नसेल का?’ एका मुलीची चिठ्ठी होती, ‘मुलगे आमच्याकडून हीच अपेक्षा करतात का?’ आधीच्या मुलांना कळत नव्हतं म्हणून ती विचारत होती. या मुलांनी सगळं पाहिलं होतं आणि ती घाबरलेली होती. त्यांच्यासमोर आलेल्या दृश्यांत संमती विचारलेली नव्हती, माया नव्हती, नकाराला जागा नव्हती, आणि ते अभिनय करून, कापून-जोडून बनवलेलं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ‘त्यातल्या बाईला दुखत नसेल का’ विचारणारं मूल बिघडलेलं नाही. उलट त्याचं मन शाबूत आहे, म्हणूनच त्याला विचारावंसं वाटलं. त्या चिठ्ठीला उत्तर मिळालं नाही तर मात्र ते पुढच्या वेळी विचारणार नाही.

आणि याच काळात आपण उत्तर देणाऱ्यांचं काय केलं? केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी २००५ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्यातली काही चित्रं खटकली, संस्कृतीचा प्रश्न आला, विधानसभेत गदारोळ झाला. साहित्यात दोष असतील तर ते दुरुस्त करता आले असते. आपण कार्यक्रमच काढून टाकला. त्या वर्षी जी मुलं सातवी-आठवीत होती, ती थोड्याच वर्षांत सायबर कॅफेत आणि मग फोनवर गेली, मध्ये एकाही जाणत्या माणसाशी गाठ न पडता. कर्व्यांच्या जन्मभूमीत, ‘समाजस्वास्थ्य’ निघालं त्या राज्यात हे झालं. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

बंदीचे प्रयोगही झाले. २०१५ मध्ये सरकारने ८५७ अश्लील संकेतस्थळं बंद केली आणि काही दिवसांतच हुकूम सैल केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ बंद झाली. मुलांच्या शोषणाची दृश्यं रोखण्यात कसूर होता कामा नये, त्यात दुमत नाही. बाकीच्या बंदीला वाट कशी काढायची हे मात्र नववीतला मुलगा दहा मिनिटांत शिकतो. परदेशात आता वयाची तपासणी आली आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वय तपासल्याशिवाय आत सोडता येत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं नाकारलं. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मी या प्रयत्नांच्या विरोधात नाही. चुकून समोर येणारं जरी थांबलं, तरी आठ-दहा वर्षांच्या मुलांचं पुष्कळ भलं होईल. पण आपल्या घरांची रीत बघा. सिमकार्ड बापाच्या नावावर, फोन घरात एक, ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन पोराच्या हातात, आणि वडील शेतावर किंवा दुसऱ्या पाळीला गेलेले. तपासणाऱ्या यंत्राला समोर पंचेचाळिशीचा गृहस्थ दिसेल.

आता याहून गंभीर गोष्ट. आधीच्या पिढ्यांत मूल फार तर बघणारं होतं. आता ते दाखवलं जाणारंही झालं आहे. खेळाच्या चॅटवर भेटलेला अनोळखी ‘मित्र’ फोटो मागतो, मिळाला की धमकावतो. शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा साधा फोटो घेऊन त्यावरून बनावट नग्न चित्र करणारी ॲप्स निघाली आहेत. अशा चित्रात त्या मुलीची काडीचीही चूक नसते आणि शाळा सोडायची पाळी तिच्यावर येते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतच दिसतं की फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःच्या मालकीचा फोन मुलग्यांकडे जास्त आहे, सुमारे ३६ टक्के, आणि मुलींकडे सुमारे २७. यंत्र तिच्या हातात कमी आणि यंत्राचा मार तिच्यावर जास्त.

इथे कायदा बळकट आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात २०१९ मध्ये कडक दुरुस्ती झाली. मुलांच्या शोषणाची दृश्यं नुसती जवळ बाळगणं आणि पाहणं यालाही गुन्ह्यातून सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बजावलं. त्याच निकालात न्यायालयाने लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज सविस्तर खोडून काढले. लैंगिक शिक्षण म्हणजे मुलांना बिघडवणं नव्हे, संमती आणि आदर शिकवणं आहे, आणि ते शाळांत द्यायला हवं, असं न्यायालय म्हणालं. नव्वद वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या उत्तरांसाठी कर्व्यांना दंड झाला, ती उत्तरं द्या असं आता देशाचं सर्वोच्च न्यायालय सांगतं आहे.

शिक्षकांना मी एक अडचण मोकळेपणाने सांगते, कारण सभागृहात शिक्षक आहेत. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सोने बंधनकारक केलं आहे. हे योग्यच आहे. पण या भीतीने पुष्कळ शिक्षक ऐकणंच टाळतात. मूल बोलायला आलं की ‘आईला सांग’ म्हणून पाठवून देतात. कृपा करून असं करू नका. मुलाचं नीट ऐका, त्याला सांगा की तुझी चूक नाही, आणि मग मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन कळवा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, सायबर गुन्ह्यासाठी १९३०, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या शोषणाची तक्रार नाव न सांगताही करता येते. अठराखालच्या मुलाचं नग्न चित्र कुठे पसरलं किंवा पसरण्याची धमकी असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. चित्र तिथे पाठवावं लागत नाही. फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते, फक्त ती खूण जाते आणि सहभागी कंपन्या त्यावरून चित्र ओळखून काढतात. हे सगळं कागदावर लिहून शाळेच्या फळ्याशेजारी लावा, मुलींच्या खोलीतही लावा.

पालकांसाठी थोडं. फोन हिसकावून घेऊन जे सुरू होतं ते संभाषण नसतं. मुलाच्या फोनवर तुम्हाला काही दिसलं, तर पहिल्या वाक्यात ओरडू नका. ‘हे कुठून आलं?’ विचारा. बहुतेकदा ते कोणीतरी पाठवलेलं असतं. मग ‘तुला ते बघून काय वाटलं?’ विचारा आणि गप्प राहा. उत्तर लगेच येणार नाही. मग साध्या शब्दांत सांगा की हे पैशासाठी बनवलेलं असतं, प्रेम असं नसतं, समोरच्याला विचारावं लागतं आणि तो नाही म्हणाला की थांबावं लागतं. बापांनी हे मुलग्यांशी बोलणं टाळू नये. आपल्याकडे हे सगळं आईवर, तेही मुलीपुरतं, ढकललेलं असतं, आणि ज्याच्याशी बोलायची सर्वांत जास्त गरज आहे तो मुलगा तसाच राहतो. ज्यांना शब्द सापडत नाहीत त्यांनी डॉक्टरांची मदत घ्यावी. अमरावतीपासून सावंतवाडीपर्यंत मुलांशी हे बोलणारे डॉक्टर आहेत, त्यांना बोलवा, त्यांना शाळेत तास द्या.

शासनाकडे माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेला प्रशिक्षित समुपदेशक हवा. तो एका तालुक्यात दोन-चार शाळांत फिरता असला तरी चालेल, पण खरोखरीचा हवा. दुसऱ्या शिक्षकाच्या नावापुढे कागदोपत्री चिकटवलेला नको. पुनरुत्पादनाचा धडा वगळला जात नाही ना, हे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने मुलांना विचारून पाहावं. आणि लैंगिक शिक्षण नववी-दहावीला न ठेवता पाचवी-सहावीपासून वयाला साजेसं सुरू व्हावं. फोन पाचवीतच हातात आलेला असतो.

शासनाची वाट पाहायची गरज नाही असंही एक काम आहे. ‘असर’च्या त्याच २०२४ च्या पाहणीत समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांना विचारलं गेलं की नको असलेल्या माणसाला ब्लॉक कसं करायचं, त्याची तक्रार कशी करायची हे माहीत आहे का. ६२ टक्के मुलांनी हो म्हटलं. आपलं खातं खाजगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना ठाऊक होतं. म्हणजे शंभरातल्या अडतीस मुलांना अंगावर आलेल्या माणसाला दूर लोटता येत नाही, आणि पंचेचाळीस मुलांना आपलं दार लावता येत नाही. हे शिकवायला एक तास पुरतो. त्याला पाठ्यपुस्तक लागत नाही, संस्कृतीचा वाद निघत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. इथे बसलेल्या शिक्षकांना आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना सुद्धा तो घेता येईल. ज्या शाळेला हा तास हवा आहे तिने व्याख्यान संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावं, मी स्वतः येईन.